शाई थांबत नाही

डोळ्यांदेखत बस सुटली, तेव्हा धम्मप्रिया गजभियेने ड्रायव्हरला मनातल्या मनात अस्सल नागपुरीत जे काही सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो वेळेवर आला आणि वेळेवर गेला.

नोव्हेंबर महिना, शनिवारची दुपार. कॅनडातल्या बर्नाबीचा पाऊस धड कोसळत नाही, धड थांबत नाही. नुसता कॉलरमधून आत शिरत राहतो. छत्री आत्याच्या दारात राहिलेली, पुढच्या बसला बराच वेळ, आणि समोर कम्युनिटी सेंटरचं उजळलेलं दार. आत हीटर असेल, वॉशरूम असेल, निदान एक कोरडी खुर्ची तरी असेल... ती धावतच आत शिरली.

कॉरिडॉरच्या टोकाला एक दार अर्धवट उघडं होतं. आतून वास येत होता. काजळीचा, थोडासा कापराचाही. ती वाकून बघते न बघते, तोच पांढऱ्या आखूड केसांच्या, राखाडी एप्रनमधल्या एका ठेंगण्या आजीबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"उशीर झाला," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "बैस."

"नाही, म्हणजे मी फक्त..."

"बैस!"

शिकवणाऱ्या बाईंनी असा आवाज लावल्यावर उभं राहायची धम्मप्रियाची टाप नव्हती. ती बसली. समोर एक काळा दगड, शाईची कांडी, चार थेंब पाणी. कांडी दगडावर गोल गोल उगाळायची, बाईंनी करून दाखवलं. लहान बाळाची गुटी सहाणेवर उगाळतात ना, अगदी तसं. किती वेळ? बाईंनी खांदे उडवले. मन गप्प होईपर्यंत, असं त्या म्हणाल्या. धम्मप्रियाचं मन गप्प व्हायचं म्हणजे संध्याकाळच व्हायची! पण उगाळता उगाळता बस विसरली, ओले मोजे विसरले, सोमवारची मीटिंग विसरली... आणि शाई झाली.

मग बाईंनी फळ्यावर एक कोरियन शब्द काढला. नामू. म्हणजे झाड. सगळ्यांनी जाड ब्रशने तो कागदावर उतरवायचा. एका रेघेवर दुसऱ्यांदा ब्रश फिरवायचा नाही, खोडायचं नाही, सुधारायचं नाही. जे झालं ते झालं.

थोड्या वेळाने बाई टेबलांमधून फिरत आल्या, धम्मप्रियाचा कागद उचलला आणि वर्गासमोर धरला.

"झाडावर छप्पर कुणी घातलं?"

धम्मप्रियाने बघितलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही अक्षरं बरी आली होती, पण त्यांच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक झकास आडवी रेघ ओढलेली! कधी ओढली, तिला कळलंसुद्धा नव्हतं. पहिलीपासूनची सवय. शब्द लिहून झाला की हात आपोआप वर जातो आणि रेघ मारून खाली येतो.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.

पण खोलीच्या दुसऱ्या टोकालाही एक हात वर होता. बाईंनी तिथला कागद उचलला. तेच झाड, तेच छप्पर! वर्ग खो खो हसायला लागला. हाताचा मालक उंच होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नाकाच्या शेंड्यावर शाईचा ठिपका. तो धम्मप्रियाकडे टक लावून बघत होता.

"मराठी?" त्याने सरळ मराठीतच विचारलं.

"हिंदीवालेपण रेघ मारतात."

"हो, पण हिंदीवाले 'अगं बाई' म्हणत नाहीत."

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली. "नागपूर. धम्मप्रिया."

"वसई. मार्क तुस्कानो."

"मार्क... आणि इतकं स्वच्छ मराठी?"

"का? मार्कने छप्पर घालायला बंदी आहे का?" तो म्हणाला. "सातवीपर्यंत मराठी शाळा. चर्चमध्ये मिसासुद्धा मराठीत. मग डॅडी आम्हाला घेऊन कॅनडात आले, पण हात तिथेच राहिला बहुतेक."

वर्ग सुटल्यावर दोघं बसस्टॉपच्या पत्र्याखाली उभे राहिले. त्याच्याकडे छत्री होती. ती त्याने उघडली नाही, कारण पत्र्याखाली छत्रीची गरज नसते. पण हातात अशी काही तयारीत धरून ठेवली होती, की धम्मप्रियाला गंमत वाटली. तो तिथेच नॉर्थ रोडवर फ्रेमिंगच्या दुकानात काम करत होता. ठेंगण्या बाई म्हणजे हान सुक-ही. सोलमध्ये त्यांच्या चित्रांना मोठा मान. आता मुलीकडे येऊन राहिलेल्या. मार्चमध्ये बर्नाबीतल्या एका छोट्या गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि चित्रं मढवायचं काम मार्ककडे आलं होतं. पण बाईंची एक अट होती. जो माझ्या कागदाला हात लावणार, त्याने आधी ब्रश धरायला शिकायचं.

"आणि तुम्ही? तुम्ही कशा आलात?" मार्कने विचारलं.

"बस चुकली म्हणून."

"मग... पुढच्या शनिवारीपण चुकेल का?"

समोरून बस आली. धम्मप्रिया पायरीवर चढली, वळली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "या मार्गावर काही भरवसा नाही हो."

पुढच्या शनिवारी बस चुकली. त्याच्या पुढच्याही. मग बस चुकवायचं नाटक करायची गरज उरली नाही, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि वर्ग सुटल्यावर नॉर्थ रोडवरच्या एका कोरियन खानावळीत उकळतं टोफूचं तिखट कालवण समोर घेऊन तासन्‌तास बसणं हा नेमच झाला. मार्कला तिखट सोसायचं नाही. नाक पुसत पुसत तो खायचा, पण सोडायचा नाही. धम्मप्रियाला तो त्या वेळी फार आवडायचा, हे तिने स्वतःशी कबूल करायला डिसेंबर उजाडला.

मार्क हानबाईंच्या चित्रांनी पार झपाटला होता. (धम्मप्रियाच्या तोंडी त्या पहिल्या दिवसापासून 'हानबाई'च होत्या, शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं?) मोठाच्या मोठा हातकागद, आणि त्यावर एका कडेला ब्रशचा एकच फटकारा. बाकी सगळं मोकळं. बाईंचे वडील त्यांच्याकडून रोज पहाटे अक्षरं गिरवून घ्यायचे. पुढे आयुष्यभर चित्रं काढता काढता अक्षरं विरघळत गेली. अर्थ गेला, आकार गेला, उरली ती ब्रशची चाल आणि श्वास. मार्क हे सांगायला लागला की त्याचे डोळे चमकायचे.

"ते मोकळं आहे ना, तेच खरं चित्र आहे, प्रिया. शून्यता! ही इस्टर्न फिलॉसॉफी तुमच्याकडूनच तिकडे गेली. यू आर सो लकी. तू जन्मानेच बुद्धिस्ट!"

धम्मप्रियाला हसू आवरेना. "अरे बाबा, आमच्या घरी बुद्धिझम म्हणजे काय माहितेय? सकाळी वंदना, त्यानंतर 'अभ्यासाला बस', त्यानंतर 'अजून अभ्यासाला बस'. जयंतीला इतके मोठे स्पीकर, की शून्यता लागली तर दोन गल्ल्या सोडून शोधावी लागेल. आणि बेबीआत्याच्या इथल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळे एकाच वेळी बोलतात. गप्प कुणीच बसत नाही. गप्प बसायचं नाही, हीच तर आमची शिकवण!"

"आणि आमच्याकडे मिसाला गप्पच बसायचं," मार्क म्हणाला. "तोंड उघडायचं ते बाहेर, पार्किंग लॉटमध्ये. तिथे ममी दर रविवारी एक मुलगी घेऊन उभी. हा माझा मार्क, ही अमक्याची डिम्पल... म्हणून तर टोरोंटो सोडलं मी. ममी तिकडे, मी इकडे, मध्ये अख्खा कॅनडा. सेफ डिस्टन्स."

गॅलरीची मॅनेजर फियोना हिचाही मार्कसारखाच समज होता. एकदा ती वर्गात आली, धम्मप्रियाचं नाव ऐकलं, अर्थ विचारला, आणि प्रदर्शनाच्या भिंतीवरचा मजकूर लिहायचं काम तिच्या गळ्यात मारून मोकळी झाली. धम्मप्रिया बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी. तिने घाबरून हानबाईंनाच गाठलं, आणि एकेका चित्रासमोर उभं राहून विचारायला लागली. हे कशाबद्दल? हे काढताना तुमच्या मनात काय होतं?

"हे?" हानबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "मुलीचा फोन येणार होता. आला नाही. म्हणून रेघ अशी वाकडी."

"आणि हे मोठं वर्तुळ?"

"त्या दिवशी खूप भूक लागली होती."

मार्कचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. धम्मप्रियाने मात्र हे सगळं तसंच्या तसं लिहून काढलं. फियोनाला आधी धक्का बसला आणि मग ते इतकं आवडलं, की तिने एक शब्दही बदलला नाही.

फेब्रुवारीत मढवायचं काम सुरू झालं. हातकागदावरचं चित्र मढवायचं म्हणजे आधी ते टेबलावर पालथं घालायचं, पाण्याच्या फवाऱ्याने भिजवायचं, रुंद ब्रशने एकेक सुरकुती काढायची, आणि मग मागून खळ लावलेला दुसरा कागद त्यावर टेकवायचा. हे शेवटचं काम एकट्याने होत नाही. दोघांनी चार कोपरे धरून ओला कागद उचलायचा आणि एका दमात, बरोबरीने खाली आणायचा. एकाचा हात जरा पुढे गेला की हवा अडकते, फुगे येतात. मार्कच्या दुकानातला दुसरा कामगार सुट्टीवर होता. खरं म्हणजे मार्कनेच त्याला सुट्टी घ्यायला लावली होती, हे धम्मप्रियाला पुष्कळ उशिरा कळलं.

"मी तीन म्हटलं की खाली," मार्क कुजबुजला. "आणि बोलायचं नाही. श्वाससुद्धा बरोबरच घ्यायचा."

"श्वाससुद्धा?"

"नियम आहे."

"हानबाईंचा?"

"...माझा."

ओला कागद दोघांच्या मध्ये तरंगत होता. त्याच्या पलीकडे मार्कचा चेहरा, कपाळावर आलेली बट, ओठ किंचित मिटलेले. एक... दोन... धम्मप्रिया नियम विसरली, श्वास घ्यायचाच राहिला. तीन. कागद टेकला. फुगा एकही नाही. पण दोघांनीही कोपरे सोडले नाहीत. खळीने बोटं चिकट झाली होती; मग त्याने तिच्या करंगळीवरची खळ ओल्या फडक्याने अगदी हळू, उगाचच खूप वेळ पुसली.

"प्रिया..."

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि पुढचा कागद आणायला आत गेला.

असं 'काही नाही' त्या महिन्यात किती वेळा झालं! बसस्टॉपवर काही नाही. टोफूच्या वाफेआडून काही नाही. धम्मप्रिया वाट बघत होती. ती काही बोलायला घाबरणारी मुलगी नव्हती. पण आयुष्यात एकदा तरी समोरच्याने आधी बोलावं असं तिला मनापासून वाटत होतं. त्यात वाईट काय होतं?

प्रदर्शनाच्या आठवड्यात तिच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. टोरोंटोच्या ऑफिसात टीम लीडची जागा होती. तिच्याच नावाचा विचार होता. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचं. तिने ही जागा दोन वर्षं मनात धरली होती, आणि आता ती हातात आली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो नॉर्थ रोडचा बसस्टॉप.

संध्याकाळी ती तडक दुकानात गेली. मार्क शेवटच्या चित्रावर ब्रश फिरवत होता. तिने सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला... आणि पुन्हा फिरायला लागला.

"मस्तच ना," तो म्हणाला. "ग्रेट अपॉर्च्युनिटी."

"एवढंच?"

"डिसिजन तुझं आहे, प्रिया. मला तुला स्पेस द्यायचीये. म्हणजे... बाईंच्या चित्रासारखी. मोकळी जागा सोडायची. धरून ठेवायचं नाही. जे वाहतंय ते वाहू द्यायचं..."

धम्मप्रियाचा आवाज चढला.

"मला शून्यता शिकवू नकोस, मार्क. माझं नाव धम्मप्रिया आहे! घाबरलायस तर घाबरलोय म्हण. काही वाटत नसेल तर वाटत नाही म्हण. पण स्वतःची जीभ उचलत नाही, त्याला फिलॉसॉफीचं नाव देऊ नकोस."

त्याच्या हातातल्या ब्रशमधून पाणी टपकत राहिलं. ती छत्री न उघडताच बाहेर पडली. रस्ताभर तिला रडू येत होतं आणि पाऊस असल्यामुळे त्याची लाज बाळगायचं कारण नव्हतं.

बेबीआत्या वर स्वयंपाकघरात पातोड्या थापत होती. धम्मप्रिया तिच्याच बेसमेंटमध्ये राहायची, आणि आत्याला कळलं म्हणजे नागपूरला कळलं, म्हणून मार्कचं नाव तिने आजवर घरात काढलं नव्हतं. आत्याने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकदाच बघितलं.

"पोट्टा कोण आहे?"

"कोणता पोट्टा, आत्या? टोरोंटोच्या जॉबचं टेन्शन आहे."

"जॉबच्या टेन्शनने कोणी असं रडत नसते. बरं, नको सांगू." आत्याने बेसनाचा हात धुतला. "तो तुला जाऊ नको म्हणून राहिला का?"

"तेच तर नाही म्हणत!" धम्मप्रियाच्या तोंडून निघून गेलं. आणि एकदा निघालं तसं सगळंच आलं. "मला थांबायचं नाहीये गं, आत्या. 'थांब' म्हणाला असता तरी मी भांडले असते. मला फक्त कळायला हवं होतं, की मी गेले तर त्याला काही होतं की नाही. एवढंसुद्धा त्याला सांगता येऊ नये?"

आत्या गप्प राहिली. ही गोष्ट फार क्वचित घडे. मग म्हणाली, "शनिवारी तुझ्या प्रदर्शनाला येऊन राहिली मी. तू लिहिलेलं वाचायला."

"ये ना."

"पूर्ण मंडळ घेऊन येतो आम्ही."

शनिवारी गॅलरी गच्च भरली. बाहेर पाऊस, आत ओल्या कोटांचा वास, कॉफी, आणि पांढऱ्या भिंतींवर हानबाईंची चित्रं. मार्क कोपऱ्यात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, चेहरा उतरलेला. धम्मप्रियाने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर मिनिटाला बघत होती. बेबीआत्या तिसऱ्या रांगेत, पैठणीवर जाड जाकीट घालून, आजूबाजूला मंडळाचे प्रेमानंदकाका, राजरत्नदादा आणि इतर मंडळी. बाकी सगळे कोरियन, चिनी, गोरे.

मध्यभागी लांब टेबलावर कोरा कागद अंथरला होता. हानबाई सगळ्यांसमोर चित्र काढणार होत्या. त्यांनी ब्रश उचलण्याआधी पुढच्या रांगेतले एक मफलरवाले गृहस्थ उठले आणि मोकळ्या जागेबद्दल फार सुंदर बोलले. मौनाबद्दल, न बोलण्यातल्या श्रीमंतीबद्दल, पूर्वेच्या शहाणपणाबद्दल. हानबाई मान हलवत ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी समोरचा कागद दाखवला.

"ही मोकळी जागा?" त्यांनी विचारलं.

"अर्थात," गृहस्थ म्हणाले.

"नाही. हा कोरा कागद. दुकानात मिळतो." लोक हसले. "आधी रेघ. रेघ आली की बाकीची जागा मोकळी होते. रेघच काढली नाही, तर ते मौन नाही, चित्र नाही, काहीच नाही." मग त्यांची नजर फिरली आणि कोपऱ्यात जाऊन थांबली. "मार्क. ये. तू दाखव."

मार्क दचकला. नाही नाही म्हणत असताना कुणीतरी त्याला पुढे ढकललं. बाईंनी शाईत बुडवलेला भलामोठा ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने तो कागदावर धरला... आणि थांबला. कुठून सुरू करावं? वरून? डावीकडून? सगळी गॅलरी श्वास रोखून बघत होती. धम्मप्रियासुद्धा.

टप्.

ब्रशच्या टोकावरून थेंब पडला. हातकागदावर पडलेली शाई जागच्या जागी राहत नाही. बघता बघता तिचा वाटीएवढा डाग झाला. मार्क हादरून बघत राहिला. टप्. दुसरा.

"बघ," हानबाई शांतपणे म्हणाल्या. "माणूस विचार करत बसतो. शाई थांबत नाही."

मार्कने मान वर केली. त्याचे डोळे गर्दीतून धम्मप्रियाला शोधत आले आणि सापडल्यावर हलले नाहीत. मग त्याने ब्रश खाली आणला. रेघ जाड होती, ओबडधोबड होती, कागद संपला तरी संपली नाही, टेबलावर गेली. ब्रश ठेवून तो तिच्याकडे वळला आणि सगळ्यांदेखत, स्वच्छ मराठीत बोलायला लागला. मराठी इथे दुसऱ्या कुणाला येतंय, असा त्याचा हिशेब होता; तिसऱ्या रांगेकडे त्याने बघितलंच नव्हतं.

"प्रिया, मी घाबरलो होतो. तू बरोबर बोललीस. स्पेसबिस काही नाही, घाबरलो होतो. मला वाटलं, मी बोललो आणि तू माझ्यासाठी थांबलीस, तर मग जन्मभर मला ऐकवशील..."

"ऐकवलंच असतं," धम्मप्रिया म्हणाली.

"म्हणून थांबू नकोस. जा. लीड हो. पण तू गेलीस तर मला... मला फार होतं. त्या दिवशी तू बाहेर पडलीस तेव्हापासून मला जेवण जात नाही. टोफूसुद्धा नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर, पहिल्या शनिवारपासून. फ्रेमा टोरोंटोतही लागतात. तुला चालणार असेल तर मी येतो तिकडे. ममीच्या गावात, ममीच्या थंडीत! रोज सकाळी बर्फ शोव्हल करीन, दर रविवारी पार्किंग लॉटमध्ये तुझा हात धरून उभा राहीन. फक्त तू काहीतरी बोल."

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

"अरे बाबू," तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "थोडं मोठ्याने बोल ना! मागे ऐकू येत नाही."

मार्कचा चेहरा असा काही पडला, की धम्मप्रियाला त्याही स्थितीत हसू फुटलं. त्याने हळूच मान वळवली. पैठणीतल्या बाई हात उंचावून उभ्या होत्या आणि त्यांच्या आजूबाजूचे झाडून सगळे जण त्याच्याकडे मोठ्या आपुलकीने बघत होते.

"कोण आहेत ह्या?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"माझी आत्या. आणि तिचं मंडळ."

"सगळ्यांना... मराठी येतं?"

"नागपूरचे आहेत सगळे."

मार्कने डोळे मिटले. पळायला दार लांब होतं, आणि त्याला पळायचंही नव्हतं. त्याने डोळे उघडले, आत्याकडे बघून हात जोडले, आणि पुन्हा धम्मप्रियाकडे वळून मघापेक्षा मोठ्याने म्हणाला, "माझं प्रेम आहे हिच्यावर!"

"आता आलं ऐकू," प्रेमानंदकाका म्हणाले.

धम्मप्रिया पुढे आली. आठवडाभर मनात साठलेलं सगळं एकदम वर आलं होतं: राग, रडू, हसू, आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठा असा एक आनंद, जो तिला कुठे ठेवावा कळत नव्हता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी सोमवारी ऑफिसला हो सांगणार आहे," ती म्हणाली. "टोरोंटोला जाणार आहे मी."

"ओके," मार्क म्हणाला. "आणि... मला?"

"तुला सोमवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवू?" तिने त्याचा शाईने बरबटलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुला आत्ताच सांगते. हो."

"काय म्हणाली? हो म्हणाली का?" आत्याने विचारलं.

"हो म्हणाली!" अख्खं मंडळ एका सुरात ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काहीच न कळलेले मफलरवाले गृहस्थही उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. हानबाईंनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांनी टेबलावरचा कागद बाजूला केला, नवीन अंथरला आणि ब्रश शाईत बुडवला. धम्मप्रियाचे दोन्ही हात काळे झाले होते. मार्क ते पुसायला फडकं शोधत होता आणि ती म्हणत होती, राहू दे, राहू दे.